राखलेलं गवत

जपानमधला जून म्हणजे रडवा महिना. धड पाऊस पडत नाही, धड उघडीप होत नाही. दिवसभर आभाळातून नुसतं ओलं झिरपत राहतं, कपड्यांना वास येतो आणि माणसाच्या मनालाही हळूहळू बुरशी धरते. अशा रविवारी तोक्योत शहाणी माणसं पांघरुणात पाय घेऊन मुगाची खिचडी खातात. उल्का बेंद्रेला मात्र शहाणपणाशी फारसं देणंघेणं नव्हतं. तोझाई लाईन, मग इकेबुकुरोहून चिचिबूकडची गाडी, मग तासाला एक सुटणारी बस, असं करत ती डोंगरातल्या एका चुनखडीच्या उतारावर येऊन पोचली होती, आणि ओल्या गवतात गुडघे टेकून एका पानाच्या खालच्या बाजूची लव बघत होती.

धुक्यातून एक तरुण आला, इकडंतिकडं बघून हुश्श केलं, आणि तिच्यापासून चार हातांवर फतकल मारून बसला. नेमका रोपावर.

उल्का जपानीत ओरडली. तो दचकून उठला, कमरेत वाकून माफी मागितली, आणि एक पाऊल मागं सरकला. तिथंही एक रोप होतं. ती पुन्हा ओरडली.

"आता पाय ठेवू कुठं? उडू का?" तो स्वतःशीच पुटपुटला. मराठीत.

"उडा! जमत असेल तर फारच बरं होईल," उल्का म्हणाली. तीही मराठीत.

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुण्याहून इतक्या लांब, धुक्यानं भरलेल्या डोंगरात, चिखलानं बरबटलेल्या रेनकोटातून सदाशिव पेठेतलं मराठी ऐकू येईल, असं त्या बिचाऱ्याला स्वप्नातही वाटलं नसणार. तो एका पायावर उभा राहून हसायला लागला. मग तिलाही हसू आवरेना.

त्याचं नाव शिरीष गोखले. हिगाशी-कसाईत कंपनीच्या फ्लॅटमध्ये आणखी तिघांबरोबर राहायचा आणि एका बँकेच्या जुनाट प्रोग्रॅममधून दोन हजार सालाचं भूत, म्हणजे वायटूकेचा घोळ, उतरवायचं काम करायचा. मित्रांबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यावर निघाला होता, बसमध्ये झोप लागली, आणि जाग आली तेव्हा घाईघाईनं भलत्याच स्टॉपवर उतरला.

"शिरीष… नाव झाडाचं, आणि बसता रोपांवर?" उल्का म्हणाली.

"झाडाचं आहे? मला वाटलं, देवाबिवाचं असेल."

"कठीण आहे."

"मग शिकवा ना. पुढची बस तासाभरानं आहे. हे मी चिरडलं ते काय होतं?"

तिनं त्याला गुडघ्यांवर बसायला लावलं. नाव विचारायच्या आधी पान उलटून बघायचं, देठ बोटांत फिरवून गोल आहे की चौकोनी ते पाहायचं, फूल सगळ्यात शेवटी बघायचं… ती सांगत होती आणि तो फुलाऐवजी तिच्याकडं बघत होता. हे तिच्या लक्षात आलं, तरी तिनं सांगणं थांबवलं नाही.

"माणसंसुद्धा अशीच ओळखता का तुम्ही?"

"माणसं नाही ओळखता येत मला. म्हणून तर फुलांकडं वळले."

चिरडलेलं रोप मुरासाकीचं होतं. मुरासाकी म्हणजे जांभळं, आणि फूल मात्र साबुदाण्याएवढं, पांढरं. जांभळा रंग त्याच्या मुळांत असतो. त्या रंगासाठी लोकांनी पिढ्यान् पिढ्या ते उपटलं, आणि आता ते अशा चुनखडीच्या मोजक्या उतारांवरच तग धरून होतं. विद्यापीठातल्या सरांनी उल्काला संशोधनासाठी आखून दिलेले चौकोन याच उतारावर होते. दर नोव्हेंबरात गावची म्हातारी मंडळी आणि शहरातून येणारे हौशी लोक मिळून सगळा उतार कापायचे. ज्या चौकोनांच्या खुंट्यांना पांढरी पट्टी बांधलेली असेल, तेवढे सोडायचे. कापलेल्यात काय उगवतं आणि सोडलेल्यात काय, हे उल्का मोजायची. आकडे नीट आले तर शिष्यवृत्तीची मुदत वाढणार होती, डॉक्टरेट होणार होती. नाही आले, तर पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात बॅग भरायची. आयुष्यात तिला एवढं एकच हवं होतं, आणि ते तिनं त्याला पहिल्याच तासात सांगूनही टाकलं.

"पण कापतात कशाला?" त्यानं विचारलं.

"पूर्वी गावात छपरांना हे गवत लागायचं," ती म्हणाली. पुढंही सांगणार होती, पण बसचा आवाज आला आणि ते राहिलं. तसं ते कायमचंच राहिलं. पुढं दोघं इतकं बोलले, की याबद्दल बोलायचं कुणाला सुचलंच नाही. प्रेमात पडलेल्या माणसांना एकमेकांचा आवाज तेवढा ऐकू येतो, बोलणं येत नाही.

कारण पुढच्या रविवारी तो इकेबुकुरोच्या फलाटावर हजर होता. रेनकोट घालून, हातात दोघांसाठी भाताचे गोळे घेऊन.

"झरा सापडला नाही अजून?" उल्कानं विचारलं.

"शोधतोच आहे. तुमच्या बाजूला असावा असा अंदाज आहे."

'तुम्ही'चं 'तू' झालं ते जुलैत, एका कड्याखाली, पावसापासून आडोसा घेताना. त्यानं तिच्या केसातलं कुसळ काढलं आणि ते हातात धरून विचारलं, "याचं नाव काय?" तिनं नाव सांगितलं. त्याचा हात काही लगेच खाली गेला नाही… आणि तिनंही तो बाजूला केला नाही. ऑगस्टपर्यंत तो रिंदो नावाचं निळ्या फुलांचं रोप ओळखायला लागला, सप्टेंबरात लव असलेलं पान कुठलं आणि नसलेलं कुठलं हे डोळे मिटून बोटांनी सांगायला लागला. मोरिता-सान म्हणजे गावातल्या निवृत्त शिक्षिका. कापणीचं सगळं त्याच बघायच्या. त्या दोघांकडं बघून तोंडावर हात ठेवून हसायच्या आणि पायवाटेवरचं रान काढायच्या दिवशी शिरीषला मुद्दाम उल्काच्या शेजारचा विळा द्यायच्या.

एवढं सगळं होऊनही तो 'तू मला आवडतेस' असं काही म्हणाला नव्हता. उल्का वाट बघत होती. पण तो कामं करणारा माणूस होता. तिची सायकल दुरुस्त करून द्यायचा, तिचा कॉम्प्युटर साफ करून द्यायचा. कुठं काही अडलं की त्याच्याकडं उपाय तयार. अशा माणसाला शब्दांची आठवण जरा उशिराच येते.

नोव्हेंबरात कापणीच्या आधी एकदा बसमध्ये ती खिन्न होऊन म्हणाली, "पुढच्या रविवारी मुरासाकीच्या चौकोनावरही विळा फिरणार. दर वेळी कापताना जीव तुटतो रे माझा."

त्यानं फक्त तिचा हात दाबला.

आणि नेमक्या त्याच रविवारी ती तापानं फणफणली. ती राहायची निशी-कसाईत, मावसभाऊ प्रसन्न आणि वैभवीवहिनी यांच्याकडं. वहिनींनी कपाळावर घडी ठेवली आणि पांघरूण ओढून घ्यायचा हुकूम सोडला. शिरीष दारातूनच म्हणाला, "तू झोप. तुझ्या वतीनं मी जातो. सगळं बघून येतो."

संध्याकाळी आला तेव्हा त्याचे गाल थंडीनं लाल झाले होते आणि डोळ्यांत काहीतरी लपवल्याची चमक होती. "सगळं नीट झालं," तो म्हणाला. तापात तिला ती चमकसुद्धा गोड वाटली.

मग डोंगरात बर्फ पडला आणि तिकडची वाट बंद झाली.

एप्रिलात दोघं वर गेली तेव्हा चेरीचा बहर गळून गेला होता आणि आभाळ शिशासारखं जड होतं. सगळा उतार भुंडा होता आणि त्यातून हिरवी पाती वर येत होती. पट्टी बांधलेले चौकोन मागच्या वर्षीच्या वाळक्या गवतानं भरलेले होते. ते तसेच असायला हवे होते. पण खालच्या अंगाचा मुरासाकीचा चौकोनही तसाच होता. माणूसभर उंच, पिवळं, बर्फानं आडवं झोपलेलं गवत, आणि चारही खुंट्यांना नीटस गाठीच्या पांढऱ्या पट्ट्या.

उल्कानं ते गवत हातांनी उपसलं. खाली कुजकट, काळा थर होता. त्यात उगवलेलं काहीच नव्हतं.

"कुणी बांधल्या या?" ती म्हणाली. "कुणी बांधल्या, शिरीष?"

शिरीष खाली बसून उपसलेलं गवत बाजूला लोटायला लागला. तिला वाटलं, आपलं दुःख त्यालाही लागलंय. परतीच्या गाडीत ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती आणि तो खिडकीबाहेर बघत होता.

आठवड्यानं कळलं, की मोरिता-सान तोक्योला आल्या होत्या. चूक आपल्याच माणसांची असणार असं गृहीत धरून, रेशमी कापडात बांधलेला मिठाईचा डबा घेऊन, पहाटेची गाडी पकडून त्या सरांकडं गेल्या. सत्तरीची बाई तरुण विद्यार्थ्यांसमोर कमरेत वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. यापुढं कापणीचं काम आपण सोडतो, असंही म्हणाल्या. स्टेशनजवळच्या बागेत बाकावर बसून उल्का हे शिरीषला सांगत होती.

"त्यांनी काही केलेलं नाही," तो म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"त्या पट्ट्या मी बांधल्या."

तिला आधी नीट कळलंच नाही.

"तू म्हणाली होतीस… कापताना जीव तुटतो. तू तापात पडली होतीस. मला वाटलं, निदान तेवढी फुलं तरी तुझ्यासाठी राखावीत. जूनमध्ये फुललेली दाखवून तुला चकित करायचं होतं…"

"अरे, जीव तुटतो म्हणून कापायचं थांबवतात का? गवत कापलं नाही तर खाली ऊन पोचत नाही. मरतात ती! कापतात म्हणून तर इतकी वर्षं जगली."

"हे मला माहीत नव्हतं."

"मग विचारायचंस!"

'झाडे तोडू नका' अशा पाट्या वाचत, तसल्या घोषणा देत शाळेच्या फेऱ्यांतून चाललेला तो मुलगा होता. जे राखायचं त्याला हात लावायचा नाही, हे त्याच्या हाडीमाशी मुरलं होतं. उल्काला तेही कळत होतं. राग कमी होण्यापुरतं मात्र कळत नव्हतं.

"आणि एप्रिलात? तिथं माझ्या शेजारी उभा होतास. तेव्हा का नाही बोललास?"

"तुझा चेहरा बघितला… आणि धीर झाला नाही." मग तो घाईनं म्हणाला, "पण एक करता येईल. तो चौकोन न कापलेल्यांत धर ना. आकडे तर तेच राहतील."

"मुरासाकी असलेला, कापायचा असा तो एकच चौकोन होता. त्याची तुलना आता कशाशी करू? आणि सरांना काय सांगू, आधीच तसं ठरलं होतं म्हणून? खोटं बोलू?"



दुसऱ्या दिवशी उल्का सरांसमोर उभी राहिली, मोरिता-सानसारखीच वाकली आणि म्हणाली, "मोरिता-सानचा दोष नाही. माझ्या माणसाकडून चूक झाली. जबाबदारी माझी." माझा माणूस. जे त्याला कधी म्हटलं नव्हतं, ते परक्या भाषेत, परक्या माणसांसमोर, माफी मागताना तोंडून गेलं. परतीच्या गाडीत ती दाराच्या काचेला कपाळ टेकून रडली. शेजारची माणसं सौजन्यानं दुसरीकडं बघत राहिली.

मोरिता-सान कामावर परतल्या. मुरासाकी परतली नाही. जूनच्या झिमझिमीत उल्का दर रविवारी त्या चौकोनापाशी बसायची. एकच मरतुकडा कोंब वर आला, आणि फुलायच्या आधीच पिवळा पडला. जुलैत सरांनी शांतपणे, तिच्याकडं न बघता सांगितलं, की मुदतवाढ मिळणार नाही.

त्या रविवारी शिरीष घरी आला. चांगला शर्ट घातला होता. वैभवीवहिनी चहा ठेवायला आत गेल्या.

"मी सगळं बघून ठेवलंय," तो म्हणाला. "आपण लग्न करू. तुला डिपेंडंट व्हिसा मिळेल. माझं अमेरिकेचं पोस्टिंग जानेवारीत आहे, ते मी रद्द करायला सांगतो, इथंच राहू. सरांकडं तू बिनपगारी का होईना, काम चालू ठेवू शकशील. म्हणजे तुझा प्रश्न सुटला."

"प्रश्न सुटला," ती हळूच म्हणाली.

"नाही का?"

"शिरीष, तू मला मागणी घालतोयस, की नुकसानभरपाई देतोयस?"

तो गोंधळला. "दोन्ही… एकच ना?"

"नाही. आणि पुन्हा तेच केलंस तू. सगळं ठरवून, बांधून आणलंस. मला काय हवंय ते विचारलंच नाहीस." तिला रडू येत होतं आणि ते त्याला दिसू द्यायचं नव्हतं. "जा तू आता."

तो गेल्यावर वहिनी तीन कप घेऊन बाहेर आल्या. एक कप ओट्यावर परत ठेवला. वहिनी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. होत्या, विद्यापीठात पहिल्या आलेल्या. जपानात आल्यापासून त्यांनी फक्त जळणारा आणि न जळणारा कचरा वेगळा केला होता.

"चांगला मुलगा आहे गं," त्या म्हणाल्या.

"माहितेय."

"माझ्या कार्डावर आहे तो शब्द. डिपेंडंट. प्रसन्नही चांगलाच आहे." एवढं बोलून त्यांनी चहा पुढं केला आणि टीव्ही लावला.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. त्याचा फोन यायचा, ती घ्यायची नाही. मग फोन येणं थांबलं आणि त्याचंही तिला वाईट वाटलं. पुण्याच्या एका कॉलेजात जानेवारीपासून शिकवायला येते, असं तिनं कळवून टाकलं. रात्रीचं जेवण घशाखाली उतरायचं नाही. राग होता म्हणून नव्हे. तो आवडायचा थांबत नव्हता म्हणून.

नोव्हेंबरातली तिची शेवटची कापणी. गावात जाणाऱ्या बसमध्ये तिला मागच्या सीटवर तो दिसला. बारीक झाला होता. जवळ येऊन बसला नाही, नुसती मान लववली.

डोंगरावर धुकं होतं. मोरिता-साननी सवयीनं शेजारशेजारचे विळे काढले, मग दोघांचे चेहरे बघून त्यांचे हात थबकले. उल्कानंच पुढं होऊन दोन्ही विळे घेतले.

मुरासाकीच्या चौकोनात आता मुरासाकी नव्हतीच. फक्त गवत होतं. तरी कापायचं होतंच, कारण मातीत एखादं बी अजून जिवंत असेल तर त्याला ऊन मिळायला हवं होतं. ते उगवलंच तर बघायला उल्का इथं नसणार होती.

"कुठून सुरू करू?" शिरीषनं विचारलं.

"खालून. आणि मुळाच्या अगदी जवळ नको, चार बोटं ठेव."

तो खालून कापत आला, ती वरून. विळ्यांचा आवाज, ओल्या गवताचा उग्र वास, आणि लांबून मोरिता-सानचं खोकणं. मध्यावर दोघं समोरासमोर आली तेव्हा कापायला काही उरलं नव्हतं.

परतीच्या बसला अवकाश होता. स्टॉपवरच्या बाकावर ती बसली, आणि जरा अंतर ठेवून तोही बसला.

"कधी जातेस?"

"शुक्रवारी."

"मला एकतीस डिसेंबरला ऑफिसात राहायचंय. मग लगेच अमेरिका."

"प्रसन्न म्हणाला."

पावसाचा एक बारीक सडा येऊन गेला. उल्का हातांवरचा हिरवा डाग चोळत राहिली, आणि मग एकदम म्हणाली, "तू माझ्यासाठी गवत राखलंस. लग्नाचं विचारलंस. व्हिसाचे नियम पाठ केलेस. पण मी तुला आवडते, हे अजून एकदाही म्हणाला नाहीस."

तो तिच्याकडं बघतच राहिला. "नाही म्हणालो?"

"नाही."

"आवडतेस," तो म्हणाला. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाला. "खूप आवडतेस, उल्का. पहिल्या दिवशी माझ्यावर ओरडलीस, तेव्हापासून."

"तूही मला."

"अजून?"

"अजून. म्हणून तर राग जात नव्हता." तिनं डोळे पुसले. "पण मी जाणार आहे. तुझ्यामागं अमेरिकेला येणार नाही, आणि तूही सगळं सोडून माझ्यामागं यावंस असं मी म्हणणार नाही. मला माझं काम परत उभं करायचंय, आणि ते कुणाच्या आधारानं नाही करायचं. कदाचित चुकत असेन मी."

त्यानं तोंड उघडलं. तो चेहरा तिला चांगला माहीत होता. काही अडलं की तो असाच जरासा पुढं झुकायचा, डोळे बारीक करायचा, आणि मग उपाय यायचा. ती मनातून घट्ट होऊन वाट बघत राहिली.

त्यानं तोंड मिटलं.

"फार वाईट वाटतंय का तुला?" त्यानं विचारलं.

"हो."

"मलाही."

एवढंच. तो मधलं अंतर सरकून जवळ आला, तिचा चिखलाचा हात आपल्या चिखलाच्या हातात घेतला, आणि तसाच बसून राहिला. त्यानं काही सुचवलं नाही, काही सोडवलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही त्यानं पुसलं नाही. या माणसाबरोबर आपल्याला जन्म काढता आला असता, हे उल्काला तेव्हा कळलं. मग वळणावर बसचे दिवे दिसले आणि दोघं उठली.